पाठीच्या उंचीवर

संतोषभाऊजींनी सोमवार मुद्दाम निवडला होता.

म्हसरूळच्या त्या रो-हाउसमध्ये सोमवारी आशाताई बोलत नाहीत, हे घोटीपासून नाशिकपर्यंतच्या सगळ्या भाऊबंदांना ठाऊक होतं. सकाळच्या अंघोळीपासून तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागेपर्यंत मौन. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. यजमान गेले तो वारही नेमका सोमवारच होता, आणि तेव्हासुद्धा त्या हूं की चूं न करता भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यावरून बायका पुढे वर्षभर बोलत राहिल्या. आशाताईंनी त्याचंही उत्तर कधी दिलं नाही.

पौषातली दुपार होती, तीन वाजून गेले असतील. फाटक वाजलं. पुढे भाऊजी, त्यांच्या मागे रोहित, आणि रोहितच्या हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा.

"अरे हो, आज तुमचा वार," भाऊजी चपला काढता काढता म्हणाले. "असू दे, वहिनी. तुम्हाला बोलायची गरजच नाही. अमोलशी सगळं झालंय."

डबा पाहिला आणि आशाताईंना कळलं. बटाट्याला न्यायला आले होते.

बटाटा म्हणजे अमोलचा अजगर. आफ्रिकेकडच्या जातीचा, बिनविषारी, मनगटाएवढा जाड आणि साडेतीन हात लांब. घाबरला की डोकं मधे घेऊन स्वतःची गच्च गुंडाळी करायचा, म्हणून अमोलने हे नाव ठेवलं. पहिल्यांदा घरात आला तेव्हा आशाताईंनी दोन दिवस लेकाशी अबोला धरला होता. पण मग अमोलने सरकारी पोर्टलवरच्या नोंदीचा कागद दाखवला, त्याची सगळी माहिती सांगितली, आणि दोन वर्षांपूर्वी पोलंडला नोकरीला निघताना म्हणाला, सहा महिने सांभाळ, मग बघू. सहा महिने कधीच उलटले. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही, ती बाई दर पंधरा दिवसांनी मागच्या मोरीत, वेगळ्या भांड्यात, गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडायची. लांब चिमट्याने बटाट्यापुढे धरायची, तो गिळेपर्यंत थांबायची आणि मग डोक्यावरून पाणी घ्यायची. शेजारच्या वैष्णवीने एकदा विचारलं, काकू, तुम्हाला चालतं हे? तर म्हणाल्या, त्याचा आहार त्याचा, माझा माझा; देवाने दोघांना एकच ताट थोडंच वाढलंय?

पहिली पावणेदोन वर्षं बटाट्याला ऊब खालून मिळायची. त्याची चार फुटी लाकडी पेटी, पुढे सरकती काच. तळाला एक पातळ, विजेवर तापणारी चटई, तिच्यावर कडाप्प्याचा तुकडा, आणि दोहोंच्या मधे थर्मोस्टॅटच्या वायरीचं टोक, मुगाच्या शेंगेएवढं. त्या टोकाला जेवढी ऊब लागेल तेवढाच आकडा बाहेरच्या डबीवर लाल अक्षरांत उमटायचा. बत्तीस झाले की डबी वीज तोडायची, उतरले की पुन्हा जोडायची. यात बाईमाणसाने बघावं असं काही नव्हतंच. आपोआप चालायचं.

कार्तिकात ती चटई जळाली. अमोलने फोन करून रोहितला पाठवलं. रोहित म्हणजे नाशिकमधला सापांचा जाणकार, सिडकोत त्याच्याकडे अशाच नोंदवलेल्या पन्नासेक सापांचे कप्पे. शाळाशाळांतून कार्यक्रम करायचा, मोबाइलवर त्याला हजारो पोरं बघायची. तो आला, चटई काढली, आणि पेटीच्या छताला चिनी मातीचा एक बल्ब बसवला. उजेड न देता नुसती धग देणारा. भोवती जाळी लावली, म्हणजे साप थेट चिकटायला नको. म्हणाला, सूर्य कसा वरून तापवतो, तसं. आता हाच चांगला समजतात. वायरीचं टोक मात्र होतं तिथेच, कडाप्प्याखाली ठेवलं. जाताना त्याने बोट दाखवून बजावलं, "काकू, या वायरीला हात लावायचा नाही. सगळा खेळ हिच्यावर आहे."

झालं. आशाताईंनी तो नेमच धरला. पेटी पुसताना त्या कडाप्प्याच्या कडेकडेने फडकं फिरवायच्या, जसं सोवळ्यातल्या भांड्याला लागू नये म्हणून फिरवावं तसं. डबीवरचा आकडा सकाळी चोवीस असायचा, दुपारी सत्तावीस, फार तर अठ्ठावीस. बत्तीसला कधी पोचायचाच नाही. त्यांनी रोहितला फोन केला. तो म्हणाला, थंडी आहे काकू, चढेल हळूहळू. पौष लागला, बोरगडावरून वारा सुटला. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला त्यांनी दरवर्षीसारखी लोकरीची टोपी घातली, आणि आकडा चोवीस बघून जीव कळवळला म्हणून दोन रात्री बटाट्याच्या पेटीवरही आपली शाल पांघरली.

तिसऱ्या दिवशी बटाट्याच्या पाठीवर तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला. खवल्यांना फोड धरले होते.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, भाजलंय. पांढरं मलम दिलं, आणि म्हणाली, धग वरून लागलीय, कारण शोधा. रोहित पेटी बघायला आला, त्याला कारण शोधायला वेळ लागला नाही. शाल. त्याने अमोलला कळवलं. अमोलचा फोन आला, "आई, खरं सांग, तू शाल टाकलीस का पेटीवर?" आशाताईंना खोटं बोलता येत नाही. टाकली, म्हणाल्या. पलीकडून लेक नुसतं 'बरं' म्हणाला, आणि ते 'बरं' त्यांना चार दिवस पुरलं. त्यांनी शाल धुऊन कपाटात ठेवली, सकाळ-संध्याकाळ मलम लावलं आणि देवापुढे नाक घासलं.

आठ दिवसांनी जुन्या डागाशेजारी नवा फोड आला. शाल कपाटात होती.

त्या दिवशी आशाताईंनी पहिल्यांदा विचार केला. आजवर केला नव्हता असं नाही. पण जाणत्याने सांगितलेल्या गोष्टीवर विचार करायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बटाट्याला उशीच्या अभ्र्यात घालून बाजूला ठेवलं, काच सरकवली आणि तो बसतो त्या जागी, कडाप्प्यावर, आपला हात पालथा ठेवला. तळव्याला फरशी जेमतेम कोमट लागत होती. हाताच्या पाठीला मात्र दोन मिनिटांत चटकू लागलं, चुलीतलं लाकूड सारताना ज्वाळ लागावी तसं. आणि बाहेरच्या डबीवर लाल आकडा, सत्तावीस.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. चटई होती तेव्हा ऊब खाली होती, म्हणून टोक खाली असणं बरोबर होतं. आता ऊब वर गेली आणि टोक राहिलं खालीच, दगडाखाली, गारठ्यात. ते बिचारं आपलं खरंच सांगत होतं की इथे थंडी आहे. बल्ब ते ऐकून सकाळ-संध्याकाळ न थांबता तापत होता. आणि मधे बटाटा, दगडावर वेटोळं घालून, पाठ वर करून. ज्या पाठीला भाजत होतं, तिला कुणी विचारतच नव्हतं.

पन्नास दिवस त्यांनी तो नेम पाळला होता. हात लावायचा नाही. आपल्या उपासांत, मौनात, एकादश्यांत कधी कुणा जिवाला चटका बसला नव्हता. हा एकच नेम दुसऱ्याने घातलेला, न विचारता धरलेला, आणि त्याचं उद्यापन बटाट्याच्या पाठीवर झालं.

दुसऱ्या दिवशी त्या पंचवटीत गेल्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानातून पाण्याच्या टाकीचा थर्मामीटर घेऊन आल्या. तो कडाप्प्याच्या वर, बटाट्याच्या पाठीच्या उंचीला धरला. पंचेचाळीस. मग त्यांनी वायरीचं टोक दगडाखालून काढलं. बल्बच्या बरोबर खाली, बटाटा वेटोळं घालून बसला की त्याची पाठ जितकी उंच येते तितक्या उंचीवर, एक बांबूची काडी पेटीच्या भिंतीला घट्ट बसवली आणि टोक तिला दुहेरी दोऱ्याने बांधलं. त्याने ढुशी दिली तरी हलू नये, त्याच्या अंगाखाली सापडू नये, आणि जे त्याच्या पाठीला लागेल तेच त्याला लागावं. मग दोन्ही आकडे ताडून पाहिले, डबीवर बसवलेली हद्द दोनाने उतरवली, तेव्हा थर्मामीटरवर बरोबर बत्तीस आले. बल्ब कितीतरी दिवसांनी आपण होऊन विझला. आशाताई त्याच्यापुढे बसून राहिल्या होत्या, बाळाचा ताप उतरताना बसावं तशा.

पूजेच्या वेळी एकदा, नैवेद्याच्या वेळी एकदा आणि दिव्याच्या वेळी एकदा, असे आकडे त्या जपाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू लागल्या. अकरा दिवस. नवा फोड आला नाही, जुने वाळले. त्यांनी वहीच्या पानाचे फोटो अमोलला पाठवले. त्याचं उत्तर आलं: आई प्लीज, तू काही हलवू नकोस, रोहितकडे पन्नास आहेत. आणि मग काकाशी बोलून त्याने ठरवलं, की बटाटा रोहितकडे गेलेला बरा. भाऊजींना तो साप पहिल्यापासून नकोच होता. विधवा बाई, एकटी, आणि घरात अजगर. सोयरे काय म्हणतील?

तर असा तो सोमवार.

रोहितने पेटीपुढे गुडघे टेकले आणि हसला. "भाऊ, हे बघा. काकूंनी सेन्सर हवेत टांगलाय." मग त्यांच्याकडे वळून, लहान मुलीला समजवावं तसं, "काकू, हवेचं तापमान मोजून काय करायचं? साप हवेत बसतो का?" त्याने खिशातली कात्री काढली, दोरा कापला आणि टोक पुन्हा कडाप्प्याखाली सारलं. म्हणाला, डबा तयार होईपर्यंत तरी नीट राहू दे. डबीवरचा आकडा एकतीसवरून सत्तावीस, पंचवीस, चोवीस असा घसरत गेला. टक् आवाज झाला आणि बल्ब लागला.

तो दोरा कापला गेला तेव्हा आशाताईंना आपल्याच अंगावरचं काही कापल्यासारखं झालं. रोहितचा हात बटाट्याकडे जाऊ लागला, तशा त्या मधे आल्या. मान हलवली. नाही.

"वहिनी, आता हे काय? मौन म्हणजे होकार, आपल्यात म्हणतात," भाऊजी सोफ्यावरून म्हणाले.

त्यांनी पुन्हा मान हलवली.

"असं मुंडी हलवून नाही चालत. तोंडाने म्हणा. 'नाही' म्हणा फक्त, एक शब्द. आत्ता डबा उचलून जातो आम्ही, घ्या." आणि भाऊजी हसले. त्यांना पक्कं माहीत होतं.

दोन अक्षरं. आशाताईंच्या जिभेच्या टोकावर ती आली होती. देव काही एवढा कोता नाही, एका मुक्या जिवासाठी बोललेला शब्द तो माफच करील, हेही त्यांना कळत होतं. पण समोर सोफ्यावर बसलेला माणूस देव नव्हता. त्यांच्या मौनाची किंमत ठरवायचा अधिकार याला कुणी दिला? आज याने एका शब्दाला साप सोडला, तर उद्या दुसऱ्या कशासाठी तो दुसरा वार निवडील. मौन मोडणार नाही, आणि बटाटाही जाणार नाही. दोन्ही.

त्यांनी काच पूर्ण सरकवली, बटाट्याला दोन्ही हातांनी उचललं आणि पाटावर मांडी घालून बसल्या. बटाटा त्यांच्या डाव्या दंडाभोवती एक वेढा घेऊन पदराखाली शिरला. भाऊजींनी पाय वर घेतले. डब्याचं झाकण उघडून रोहित उभा राहिला, पण बाईमाणसाच्या पदराखालून साप काढायचा कसा, हे त्याच्या पन्नास सापांनी त्याला शिकवलं नव्हतं. तो डबा घेऊन तसाच उभा राहिला आणि मग डबा खाली ठेवला.

पंधरा मिनिटं गेली. भाऊजींनी एकदा दादा असते तर असा सूर लावून पाहिला, पण पुढे नेला नाही. आशाताईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि रोहितचं मनगट धरलं.

तो दचकला. या बाईंनी आजवर त्याला पाण्याचा पेला देतानाही हाताला हात लागू दिला नव्हता. त्यांनी त्याला खाली बसवलं, त्याचा हात पेटीत नेला आणि कडाप्प्यावर पालथा ठेवला, बल्बच्या बरोबर खाली. बोटाने डबीवरचा आकडा दाखवला, सव्वीस. मग गळ्यातली तुळशीची माळ हातात घेऊन पहिला मणी ओढला.

"परीक्षा का काय काकू?" रोहित हसत म्हणाला. "मला सवय आहे, मी सापांच्या कप्प्यात दिवसभर हात घालतो."

दहाव्या मण्यापर्यंत तो भाऊजींना कुठल्याशा शाळेतल्या कार्यक्रमाचं सांगत होता. तिसाव्याला त्याचं सांगणं अडखळू लागलं. पन्नासाव्याला त्याने हात उताणा केला. आशाताईंनी तो शांतपणे पुन्हा पालथा केला. साठ, एकसष्ट. बासष्टाव्या मण्याला त्याने हात ओढून काढला आणि दुसऱ्या हाताने चोळू लागला. हाताची पाठ लालबुंद झाली होती. तळवा होता तसाच, पांढरा.

डबीवर सव्वीस.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग कडाप्प्याकडे, मग वर बल्बकडे. "माझ्याकडे सगळे चटईवर आहेत," शेवटी तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

भाऊजींनी एव्हाना अमोलला फोन लावला होता. मोठ्या आवाजावर टाकून त्यांनी तो आशाताईंच्या तोंडासमोर धरला, हातभर अंतरावरून, पदराकडे एक डोळा ठेवून. बाळा, तुझी आई हट्टाला पेटलीय, तूच सांग.

"आई, ऐकतेयस ना?" अमोलचा आवाज दुरून, थोडा घोगरा आला. "आज तू बोलणार नाहीस, माहीत आहे. नुसतं ऐक. रोहितला नेऊ दे. तो माझा साप आहे, मी सांगतोय ना. तुझ्याच्याने नाही होत ते, त्यात काही कमीपणा नाही."

दोन वर्षांत आशाताईंनी लेकाचा फोन आपणहून कधी ठेवला नव्हता. त्याचं बोलणं संपलं, तिकडून टुक् वाजलं, पडदा काळा झाला, तरी त्या मोबाइल कानाला धरून बसायच्या. हा साप त्याचा होता, हे खरं. कागदावर त्याचंच नाव होतं. पण भाजलेल्या पाठीवर मलमाचं बोट कुणाचं फिरलं, हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि ज्याच्या चुकीने ती पाठ भाजली, त्याच्याकडेच त्याला डब्यात घालून पाठवायचं, हे लेक म्हणाला म्हणून चुकीचं ते बरोबर होत नव्हतं.

त्यांनी हात लांब करून लाल बटण दाबलं.

"वहिनी!" भाऊजी उभे राहिले. आता मात्र ते खरंच चिडले होते. आपला अपमान झाला, पोराचा झाला, घराण्याचा झाला. या घरात बाईमाणसाने असं कधी केलं नव्हतं, आणि केलं ते कशापायी, तर एका जनावरापायी. आशाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, दंडावर बटाटा तसाच, आणि पुढचं दार उघडून धरलं. चहा घेतल्याशिवाय या घरातून कधी पाहुणा गेला नव्हता. भाऊजी दारातून जाताना अंग चोरून, चौकटीला घासून गेले आणि फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसले. दोनदा हॉर्न वाजवला. रोहित गेला नाही.

मोबाइल पुन्हा वाजू लागला. स्टुलावर वाजत राहिला, थरथरत कडेपर्यंत सरकला आणि थांबला. आशाताईंनी तिकडे पाहिलं नाही.

रोहित पेटीपुढे पुन्हा गुडघ्यांवर बसला होता. त्याने कडाप्प्याचा तुकडा उचलला, वायरीचं टोक बाहेर काढलं आणि बांबूच्या काडीजवळ नेलं. कापलेला दोरा त्याने खिशात शोधला, मिळाला नाही. आशाताईंनी शिवणाच्या डब्यातून नवा आणून दिला. बाहेर हॉर्न तिसऱ्यांदा वाजला.

"किती वर, काकू?" त्याने मान वर न करता विचारलं.

त्यांनी मोकळा हात पुढे केला आणि दगडावर आडवी चार बोटं ठेवली.

त्याने मान डोलावली, त्यांचा हात निघाल्यावर तिथे आपली चार बोटं ठेवली आणि टोक त्या उंचीला धरलं. आशाताईंनी मान हलवली. त्याची बोटं जाड होती. त्या खाली वाकल्या आणि त्याची करंगळी हलकेच मिटवली.